हौस कोणाची, घाम कोणाचा?

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांवर गेली काही वर्षं सुतक पाळलं जातंय. पैसा आला आणि प्रेम गेलं, असा एकूण सूर. खेळाडूंना आता उघडपणे पैसे मिळतात, दर हिवाळ्यात ते एक कॉलेज सोडून दुसऱ्यात जातात, आणि त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एकाच कॉलेजावर जीव टाकणारा बिचारा चाहता पोरका झाला, असं तिकडचे स्तंभलेखक, निवृत्त कोच आणि पुढारी एका आवाजात सांगतात. ज्यांची मुलं तिकडे एम. एस. करून विद्यापीठाच्या नावाचा स्वेटशर्ट घालून सुट्टीवर येतात, असे आपल्यातलेही काहीजण हेच रडगाणं गातात. मला हे सुतक मान्य नाही. मेलंय काय आणि मारलं कोणी, हे न बघताच छाती पिटायची म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मागच्या दाराने वाट करून देणं आहे.

मुळात हा प्रकार काय आहे ते आधी सांगतो. आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, टाळ्या वाजवायला चार मित्र आणि क्रीडाशिक्षकाने स्वतःच्या खिशातून आणलेले सामोसे. तिकडे तसं नाही. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. (हा फुटबॉल आपला नव्हे. डोक्यावर हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून, समोरच्याच्या अंगावर धावून जायचं असतं.) आपलं फातोर्ड्याचं मैदान साधारण १९ हजारांचं. ते पाच वेळा गच्च भरलं तरी मिशिगनचं एकदा भरत नाही. आणि लाखाच्या पलीकडची अशी मैदानं तिथे एक नव्हे, अनेक आहेत. शनिवारी सामना असला की गावच्या गाव एका रंगात न्हातं. आजोबा, बाप, नात एकाच बाकावर बसतात. आपल्याकडे जत्रेला माहेरवाशिणी येतात तसे जुने विद्यार्थी शेकडो मैलांवरून येतात. हे प्रेम खरं आहे, मी त्याची चेष्टा करत नाही.

पण या प्रेमाचा पाया एका नियमावर उभा होता. कॉलेजांच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए ही संस्था १९०६ साली निघाली, आणि तिचा मुख्य कायदा असा की खेळाडू हौशी असला पाहिजे. शिक्षणाची फी, राहणं, जेवण, पुस्तकं एवढ्याची शिष्यवृत्ती मिळेल. त्यापलीकडे कोणाकडून एक डॉलर घेतलास तर घरी बस.

हौशी हा आपला शब्द इथे तपासून बघण्यासारखा आहे. गोव्यात कुठल्याही गावात देवळासमोर मांडव घालून उत्सवाचं नाटक होतं, त्यातला नट हौशी असतो. दिवसा तो मास्तर, पोस्टमन नाहीतर दुकानदार. हौस त्याची, वेळ त्याचा, कित्येकदा पदरमोडही त्याचीच. त्याला कोणी पैसे देत नाही, कारण त्याच्या जिवावर कोणी पैसे कमवतही नाही. आता समजा, त्याच नाटकाला कोणी तिकीट लावलं, टीव्हीवाल्यांकडून कोट्यवधी घेतले, दिग्दर्शकाला बंगला आणि मोटार दिली, आणि नटाला मात्र सांगितलं, ‘बाबा, तू हौशी, तुला चहा आणि श्रीफळ.’ तर त्याला आपण हौशी रंगभूमी म्हणू का? आपण त्याला स्वच्छ मराठीत लूट म्हणू.

अमेरिकेत नेमकं हेच चाललं होतं. कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेचे टीव्ही हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी विकले गेले ते १० अब्ज ८० कोटी डॉलरना. ‘बिग टेन’ या एका गटाने २०२२ साली केलेला टीव्हीचा करार सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर कोण, तर राज्यपाल नव्हे, न्यायाधीश नव्हे, विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जिंबो फिशर या कोचला काढून टाकलं, तेव्हा कराराप्रमाणे त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं लागत होतं. हे पैसे काम करण्याचे नव्हेत, काम न करण्याचे.

आणि खेळाडूचं काय? २०१० साली जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने आपल्या अंगावरची एक जर्सी विकली, म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं. विद्यापीठाच्या दुकानात मात्र जर्सींची विक्री बिनबोभाट सुरूच. जर्सी विकणं पाप नव्हतं. ज्याच्या घामाने ती भिजली त्याने विकणं पाप होतं.

मी सरकारी कचेरीत कारकून आहे. पदनामाची किंमत काय असते हे कारकुनाला शिकवावं लागत नाही. काम तेच, खुर्ची तीच, पण कागदावर ‘कर्मचारी’ लिहिलं तर रजा, विमा, पेन्शन. ‘रोजंदारी’ लिहिलं तर भरेल तेवढे दिवस. आणि ‘मानधन’ लिहिलं तर फक्त मान, धन देणाऱ्याच्या मर्जीवर. म्हणून एनसीएएच्या इतिहासातली एक गोष्ट वाचली तेव्हा माझं लक्ष तिथेच अडकलं. १९५५ साली कोलोरॅडो राज्यात रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, तेव्हा भरपाई नाही. याच धास्तीच्या काळात एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द घडवला आणि जिथे तिथे तोच वापरायचा असा दंडक घातला. का? तर खेळाडूला चुकूनही कोणी कर्मचारी म्हणू नये. हे मी मनचं सांगत नाही. १९५१ पासून साडेतीन दशकं ही संस्था चालवलेल्या वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ साली पुस्तक लिहून हे कबूल केलं आणि आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेला मळेवाल्यांच्या जुन्या गुलामीची उपमा दिली. ज्याने कुलूप घडवलं तोच सांगतोय की आत माणसं कोंडली होती.

‘पण फुकट शिक्षण मिळत होतं ना?’ हा ठरलेला प्रश्न. मिळत होतं, आणि काहींनी त्याचं सोनंही केलं. पण शिक्षणाची एवढी चाड असणाऱ्या या व्यवस्थेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी १८ वर्षं नावापुरते वर्ग चालले. ना तास, ना मास्तर, एक निबंध दिला की गुण. तीन हजारांहून अधिक विद्यार्थी त्यातून गेले, आणि त्यात जवळपास निम्मे खेळाडू होते. २०१७ साली एनसीएएने विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण काय, तर हे वर्ग खेळाडूंखेरीज इतरांनाही खुले होते! ग्रीनच्या जर्सीला चार सामने आणि १८ वर्षांच्या बनवाबनवीला शून्य. यावरून संस्थेला शिक्षण प्रिय होतं की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता ज्या निष्ठेसाठी गळे काढले जातायत तिच्याकडे वळू. पूर्वीचे खेळाडू चार वर्षं एकाच कॉलेजात राहत, हे खरं. पण का राहत? फुटबॉल किंवा बास्केटबॉलचा खेळाडू दुसऱ्या कॉलेजात गेला तर तिथे त्याला एक वर्ष मैदानाबाहेर बसावं लागे. एवढंच नव्हे, दुसऱ्या कॉलेजाशी बोलणी करायलासुद्धा पहिल्या कॉलेजाची परवानगी लागे. म्हणजे आपला ना हरकत दाखला! आणि दाखला कोणाच्या सहीने? ज्याला सोडून जायचंय त्याच्या. उलट बाजूने बघा. १९७३ पासून २०१२ पर्यंत शिष्यवृत्ती एकेका वर्षाचीच असे. कोचला मुलगा नकोसा झाला की पुढच्या वर्षी नूतनीकरण नाही, चल नीघ. म्हणजे दोर एकच, पण गाठ फक्त एका बाजूला. आणि या बांधून ठेवण्याला नाव काय, तर निष्ठा.

हे वाचताना गोव्याच्या माणसाला भाटकार-मुंडकार आठवला नाही तर नवल. मुंडकार भाटकाराच्या जमिनीत घर करून राहायचा, माडांची राखण करायचा, बोलावलं की हातातलं टाकून जायचा. १९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्यानंतर कित्येक सोप्यांवर एकच उसासा ऐकू येई, ‘पूर्वीचे मुंडकार काय इमानी होते!’ इमानी होतेच. पण ज्याला घर जाण्याची भीती आहे त्याच्या इमानाची परीक्षा कशी होणार? ती परीक्षा कायदा झाल्यावरच सुरू झाली. मिशिगनचा खेळाडू मुंडकार नव्हे हे मलाही कळतं. त्याच्या नावाने लाख माणसं ओरडत होती, मुंडकाराच्या नावाने कोणी ओरडत नसे, ओरडलंच तर त्याच्यावर. पण ‘पूर्वीचे खेळाडू काय निष्ठावान होते’ हा उसासा मात्र त्याच सोप्यावरचा आहे.

कायदा तिकडेही बदलला, आणि तोही सुखासुखी नव्हे. १९९५ साली कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए विद्यापीठाला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या एड ओबॅननने पुढे एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःलाच खेळताना बघितलं. चेहरा त्याचा, क्रमांक त्याचा, पैसे दुसऱ्याचे. २००९ साली तो न्यायालयात गेला, २०१४ साली त्याच्या बाजूने निकाल लागला. २१ जून २०२१ रोजी अल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० मतांनी एनसीएएविरुद्ध निकाल दिला. वाद शिक्षणाशी निगडित लाभांपुरता मर्यादित होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून मुळावरच घाव घातला. आमच्या मालाची खासियतच ही की राबणाऱ्याला मोल देत नाही, असं म्हणून कामाचा मोबदला बुडवण्याची सोय देशातल्या दुसऱ्या कुठल्याही धंद्याला नाही, असा त्यांचा आशय. हे न्यायमूर्ती काही डावे क्रांतिकारक नव्हेत, ट्रम्प यांनी नेमलेले आहेत. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलण्याची मोकळीक मिळाली, २०२४ मध्ये अभ्यासात पात्र असलेल्यांना कितीही वेळा. आणि ६ जून २०२५ रोजी ग्रँट हाऊस या जलतरणपटूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे २ अब्ज ८० कोटी डॉलर, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटण्याची मुभा.

यानंतर गोंधळ झाला, नाही कसं म्हणू? हिवाळा आला की ट्रान्सफर पोर्टल नावाच्या यादीत हजारो नावं पडतात. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसी विद्यापीठाचा क्वार्टरबॅक निको इआमालियावा मोबदल्याचा वाद चालू असताना सरावाला आला नाही. कॉलेजाने त्याच्यावाचून पुढे जायचं ठरवलं आणि तो यूसीएलएला गेला. त्याच्या नावाची जर्सी घेतलेल्या पोराला वाईट वाटलं असणारच. पहिल्या वर्षी बाकावर बसलेला मुलगा चौथ्या वर्षी कर्णधार झालेला बघण्यात एक सुख असतं. आपलं पोर वाढताना बघावं तसं. ते सुख कमी झालं. मी ते नाकारत नाही.

पण राग कोणावर काढायचा? त्याच टेनेसी विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की पुढच्या हंगामाच्या फुटबॉल तिकिटांवर दहा टक्के ‘टॅलेंट फी’ लागेल, खेळाडूंना पैसे द्यायचेत ना! कोचांचे पगार वाढत होते, मैदानांवर काचेच्या आलिशान खोल्या चढत होत्या, तेव्हा त्यांच्या नावाने वेगळी फी कोणी छापली होती? कोचचा पगार हा व्यवस्थेचा खर्च, आणि खेळाडूचा पगार हा प्रेक्षकावर बसवलेला दंड, असं चाहत्याच्या मनात भरवायची ही युक्ती आहे. त्याआधी ‘कलेक्टिव्ह’ नावाची मंडळं निघाली होती. चाहत्यांनी वर्गणी काढावी आणि खेळाडूंना द्यावी, म्हणजे कॉलेजाची तिजोरी बंदची बंद. चाहता वर्गणी भरून दमला आणि शिव्या मात्र खेळाडूला घालू लागला.

आणि निष्ठेचं प्रवचन देतं कोण? नोव्हेंबर २०२१ मध्ये नोत्र दामचा कोच ब्रायन केली, संघाची राष्ट्रीय विजेतेपदाची आशा अजून जिवंत असताना, एलएसयूला निघून गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाचा कोच लेन किफिन संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना त्याच एलएसयूला गेला. कोचला एक वर्ष घरी बसायचा नियम कधीच नव्हता. वीस वर्षांच्या मुलाने जास्त पैशासाठी कॉलेज सोडलं तर तो लोभी, पन्नाशीच्या गृहस्थाने सोडलं तर ती त्याची कारकीर्द.

कोचांचंही सोडा. खुद्द कॉलेजांनी काय केलं? पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉलेजांचा १९१५ पासून चालत आलेला एक गट होता. शेजारी शेजाऱ्याशी खेळायचा, वैर मुरलेलं, दोन्हीकडच्या आज्यांना एकमेकांच्या हारजितीचे आकडे पाठ. जून २०२२ मध्ये यूसीएलए आणि यूएससी यांनी टीव्हीच्या पैशासाठी हा गट सोडत असल्याचं सांगितलं. मग एकामागून एक कॉलेजं निघाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात मागे उरली ती फक्त दोन, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॉलेजं आता ‘अटलांटिक किनारा’ या नावाच्या गटात आहेत, आणि त्यांच्या किनाऱ्यावर पाणी पॅसिफिकचं! लॉस एंजेलिसच्या पोरींनी व्हॉलीबॉल खेळायला देश ओलांडून न्यू जर्सीला जायचं, म्हणजे म्हापशाच्या कॉलेजाने मडगावशी खेळणं सोडून गुवाहाटी गाठण्यातला प्रकार. शंभर वर्षांचं शेजारपण कोणी मोडलं? एकाही खेळाडूने नाही. टाय लावलेल्या कुलगुरूंनी, बंद खोलीत, सह्या करून. मग सुतक पाळायचंच तर ते या दिवसाचं पाळा.

आपल्याला हे दुःख परकं नाही. धेंपो, साळगावकर, चर्चिल, स्पोर्टिंग यांच्यावर गोव्याने जीव टाकला. धेंपोने राष्ट्रीय पातळीवरची लीग पाच वेळा जिंकली, साळगावकर आणि चर्चिलने दोन-दोनदा. खेळाडू तेव्हाही या क्लबातून त्या क्लबात जात. आज साळगावकरचा, उद्या चर्चिलचा, परवा कोलकात्याचा. आपण चार शिव्या घातल्या, पुढच्या सामन्याला पुन्हा गेलो. प्रेम आटलं नाही. ते पोरकं झालं २०१६ साली. दिल्लीच्या महासंघाने नव्या फ्रँचायझी लीगला वरचा पाट द्यायचं ठरवलं आणि साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. खेळाडूंनी संघ बदलले म्हणून नव्हे, ज्यांच्या हातात स्पर्धा होती त्यांनी स्पर्धाच पायाखालून ओढली म्हणून गोव्याचा प्रेक्षक रिकाम्या हाताने घरी आला. ही ओळख मनात ठेवून अमेरिकेकडे बघा, चोर कोण ते लगेच कळतं.

पैशाने आणि बदल्यांनी चाहत्याचं प्रेम मरतं, हा दावा तर मैदानावरच खोटा ठरलाय. इंडियाना विद्यापीठाचा फुटबॉल संघ म्हणजे हरण्याचं दुसरं नाव. इतिहासात सर्वाधिक पराभवांचा शिक्का कित्येक वर्षं त्याच्या कपाळावर होता. २०२३ च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी हा कोच आला, आपल्या आधीच्या कॉलेजातले बरेच खेळाडू घेऊन आला. २०२५ साली क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा बर्कलीहून बदलून आला. आणि जानेवारी २०२६ मध्ये हा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. जन्मभर हार बघितलेली म्हातारी माणसं त्या रात्री रडली असतील, तेव्हा मेंडोझाला इथे येऊन किती महिने झाले हे कोणी विचारलं असेल का? सुनेला कोणी माहेर विचारत नाही, घर सांभाळलंस का, एवढंच विचारतात.

एक आक्षेप मात्र जड आहे आणि त्याला बगल देणं बरोबर नाही. या पैशाचा मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. पोहणं, टेनिस, कुस्ती, मुलींचे कित्येक खेळ यांच्यावर कात्री चालते, काही कॉलेजांनी संघच बंद केले. हे खरं आहे आणि वाईट आहे. पण जलतरण तलावाला कुलूप लावणारा हात खेळाडूचा नसतो. काढून टाकलेल्या कोचला कोट्यवधी डॉलर द्यायला पैसे सापडतात आणि पोहणाऱ्या मुलीच्या वेळी तिजोरीचा तळ दिसतो, तेव्हा ती पैशाची अडचण नसते, ती पसंती असते.

मग हा दरवर्षीचा बाजार असाच चालू द्यायचा का? नाही. आणि उपाय शोधायला फार लांब जावं लागत नाही. खेळाडूला कर्मचारी माना. त्याच्याशी दोन-तीन वर्षांचा करार करा, त्यात दोन्हीकडच्या अटी घाला, जखम झाली तर उपचार आणि भरपाई घाला. त्यांची संघटना मान्य करून तिच्याशी बोला आणि बदलीची मुदत ठरवा. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगा हेच करतात, तिथे कोणी दर जानेवारीत आख्खा संघ विसर्जित करत नाही. बांधिलकी कराराने येते, पण करार करायचा तर समोरच्याला माणूस म्हणून टेबलावर बसवावं लागतं. अडतं ते तिथे. २०१४ साली नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी संघटना मागितली, राष्ट्रीय कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी ठरवलं, पण २०१५ मध्ये मंडळाने प्रकरण आपल्या कक्षेत घ्यायचंच नाकारलं. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. कॉलेजाने वाटाघाटीला नकार दिला आणि वर्षअखेर अर्ज मागे घेतला गेला. एकीकडे करार करायचा नाही, दुसरीकडे करार नसल्याने खेळाडू पळतात म्हणून संसदेकडे कायद्याचं कवच मागायचं. स्वतःच दार उघडं टाकायचं आणि गाय गेली म्हणून गायीला बेइमान म्हणायचं.

चाहत्याने यात काय करावं? मला वाटतं, त्याने प्रेम करत राहावं आणि हिशेब मागावा. दोन्ही एकाच वेळी करता येतं. आपल्या देवस्थानावर श्रद्धा असलेला महाजनच कमिटीच्या जमाखर्चावर सर्वांत जास्त भांडतो. तिकिटावर टॅलेंट फी लावली तर कोचच्या करारातल्या नुकसानभरपाईचं कलम दाखवा म्हणावं. शेजारच्या कॉलेजाशी शंभर वर्षांचा सामना मोडला तर कोणाच्या सहीने मोडला ते विचारावं. पण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने आपल्या गुडघ्याची किंमत गुडघा शाबूत असताना मागितली, तर त्याच्या अंगावर निष्ठेचं भारूड घालू नये. त्याच्याकडे चार-पाच वर्षं असतात. मैदान तिथेच राहणार असतं, विद्यापीठ तिथेच राहणार असतं.

कचेरीतली भाषा वापरायची तर प्रकरण अजून निकाली निघालेलं नाही. पैसे देणं सुरू झालंय, पण ते नाव-छबीचे, वाटपाचे, तडजोडीचे. पगार हा शब्द अजून कोणी कागदावर लिहू देत नाही, कारण तो लिहिला की मागोमाग विमा येतो, भरपाई येते, संघटना येते. रे डेनिसनच्या विधवेच्या अर्जावर १९५७ साली जो शेरा पडला, तो खोडायला आजही एकाही मोठ्या कॉलेजाची लेखणी उठत नाही. आधी तो शेरा खोडा. निष्ठेबद्दल त्यानंतर बोलू.